लेखनमेजाची घडण आणि व्यापाऱ्याची पेढी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस काही लिहिण्याचा आग्रह केला, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. लेखनाचा सराव म्हणावा तर तो कीर्द-खतावणीपुरता. परंतु ज्या मेजावर ती कीर्द लिहिली, त्या मेजाविषयी चार उपयुक्त गोष्टी आपल्या सभासद बंधु-भगिनींस सांगता येतील असे वाटले, म्हणून हे धाडस करीत आहोत.

यास निमित्तही घडले. तीन वर्षांपूर्वी बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या पेढीची डागडुजी काढली. आजोबांच्या वेळचे सागवानी डेस्क माळ्यावर पडून होते. त्याचे झाकण उतरते, आत कप्पे, आणि उंची इतकी की गादीवर मांडी घालून बसावे व लिहावे. आमचे गुजराती बांधव यास ढाळियुं म्हणतात. जुने सामान विकत घेणारा एक फिरता व्यापारी आला, त्याने डेस्क उलटसुलट करून पाहिले आणि चार हजार रुपये देऊ केले. आम्ही होकार देणार, इतक्यात सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, पोत्यातला नमुना पाहिल्यावाचून आपण कधी धान्याचा भाव ठरवीत नाही. मग याचा भाव न पाहता कसा ठरवता?" बोलणे रास्त होते. आम्ही आठ दिवसांची मुदत मागितली आणि या विषयावरील पुस्तके व चित्रे पाहावयास लागलो. जे कळले ते येथे क्रमाने मांडतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. युरोपात लिहिण्याच्या मेजास 'ब्यूरो' म्हणतात. हा फ्रेंच शब्द मुळात एका जाड्याभरड्या लोकरी कापडाचे नाव होता. हिशेब लिहिताना व नाणी मोजताना मेजावर ते कापड अंथरीत. पुढे कापडाचे नाव मेजास पडले, मेजाचे नाव मेज ठेवलेल्या खोलीस पडले आणि खोलीचे नाव सरकारी खात्यास जाऊन चिकटले. नोकरशाहीस इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच्या पोटातही हेच मेजावरचे कापड आहे. मेज ही केवळ लाकडी वस्तू नव्हे, कारभाराची ती खूण आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आता घडणीचा विचार. मेजाचे रूप सुताराच्या लहरीने बदलत नाही. ज्याप्रमाणे धान्य पाहून कोठार बांधतात, त्याप्रमाणे लेखणी, कागद व टपाल पाहून मेज घडते. हे एक सूत्र हाती धरले म्हणजे चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास सहज उलगडतो.

मध्ययुगात युरोपातील मठांत साधू ग्रंथांच्या नकला करीत, त्या उतरत्या फळीवर. लेखणी पक्ष्याच्या पिसाची. सपाट कागदावर पीस उभे धरले की शाई भराभर खाली उतरते व डाग पडतो. फळी उतरती असली म्हणजे शाईचा ओघ आवरता येतो आणि मानही फार वाकवावी लागत नाही. आपल्याकडील कारकुनांचे उतरते डेस्कही याच सोयीचे आहे. तिकडे पीस आणि इकडे बोरू, परंतु शाईचा स्वभाव दोहोंकडे एकच.

त्या काळी मेज म्हणजे बहुधा पेटीच असे. कागद थोडे, ते मोलाचे, आणि धनी फिरतीवर. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळातील, सुमारे १५२५ सालची रंगीत चर्माने मढविलेली लेखनपेटी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. स्पेनमध्ये सोळाव्या शतकात या पेटीस पुढून खाली पडणारे झाकण आले. झाकण पाडले की तेच लिहिण्याची फळी होते आणि आत लहान लहान खणांच्या ओळी दिसतात. दोन्ही बाजूंस धरावयास कड्या असत, म्हणजे गडी पेटी उचलून दुसऱ्या गावी नेत.

येथे आपल्या भागाचा संबंध येतो. पोर्तुगीज आमदानीत गोव्याच्या कारागिरांनी याच जातीची कपाटे घडविली. अनेक खणांच्या अशा कपाटास पोर्तुगीज भाषेत 'कोंतादोर' म्हणतात. मोजणे, हिशेब करणे या अर्थाच्या धातूपासून तो शब्द आला आहे. सागवानी लाकडात शिसवी व हस्तिदंती जडावकाम, एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी, आणि खालच्या चौरंगास पायांच्या जागी कोरलेल्या नागकन्या वा मत्स्यकन्या, असे सतराव्या शतकातील कोंतादोर आज युरोपच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. घाट तिकडचा, परंतु हात, लाकूड व नागकन्या इकडच्या. पुढे अठराव्या शतकात विशाखापट्टणमच्या कारागिरांनीही इंग्रज अंमलदारांसाठी हस्तिदंती जडावाची मेजे व लेखनपेट्या केल्या, त्याही तितक्याच नावाजल्या गेल्या.

फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या वेळी मेज पेटीपण सोडून पायांवर उभे राहिले. त्या काळच्या एका मेजास आठ पाय असत, चार उजवीकडे व चार डावीकडे, मधे गुडघे घालण्यास जागा आणि दोन्ही बाजूंस खण. यास 'ब्यूरो माझारँ' म्हणतात. कार्डिनल माझारँ हा त्या राजाचा मंत्री खरा, परंतु तो १६६१ साली वारला आणि मेजास त्याचे नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. नावावरून मालाचे वय ठरवू नये, ही गोष्ट तांदळाच्या बाजारात आपण रोज अनुभवतो. आंद्रे-शार्ल बूल (१६४२ ते १७३२) या कारागिराने पितळ व कासवाच्या पाठीचे कवच यांचे जे जडावकाम केले, त्यास आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मेजांचे प्रकार वाढले. वर चामडे लावलेले रुंद, सपाट मेज दिवाणखान्यात धन्याचा अधिकार दाखवी. भिंतीलगत उभे राहणारे आणि पुढचे झाकण सरळ खाली पडणारे मेज अरुंद घरास सोयीचे होते. त्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रियांसाठी नाजूक, लहान लेखनमेजे निघाली. घरातील स्त्रीस स्वतःचा पत्रव्यवहार आहे आणि तो कुलुपात ठेवण्याचा तिला अधिकार आहे, हे त्या लहानशा खणाने मान्य केले. आमच्या मते हा बदल सर्व नक्षीकामाहून मोठा आहे.

या काळाचा मुकुटमणी म्हणजे पंधराव्या लुईचे मेज. १७६० साली झाँ-फ्रांस्वा ओबेन याने ते घडविण्यास आरंभ केला. १७६३ साली तो वारला. पुढे झाँ-आंरी रिझनेर याने १७६९ साली काम पुरे केले. हे मेज आज व्हर्सायच्या राजवाड्यात आहे. यास अर्धगोल सरकते झाकण आहे. एक किल्ली थोडी फिरविली की झाकण व खण सर्व मोकळे होतात. शाईच्या दौती मात्र बाजूच्या लहान खणांत अशा ठेवल्या आहेत की नोकराने बाहेरून शाई भरावी, परंतु राजाच्या कागदांस त्याचा हात लागू नये. चाकरावाचून चालत नाही आणि चाकरास सर्व दाखविताही येत नाही, ही अडचण प्रत्येक पेढीवरील धन्यास ठाऊक आहे. राजाने नऊ वर्षांचे सुतारकाम करवून ती सोडविली.

इंग्रजांचा कल निराळा. त्यांनी उतरत्या झाकणाचे ब्यूरो घरोघर नेले. झाकण उघडावयाचे झाल्यास त्याखालून दोन दांड्या बाहेर ओढतात व झाकण त्यांवर टेकते. १७२१ साली पार्लमेंटाने अमेरिकेतील वसाहतींच्या लाकडावरील जकात उठविली, त्यामुळे वेस्ट इंडीजची महोगनी स्वस्तात येऊ लागली आणि हळूहळू अक्रोडाची जागा तिने घेतली. जकातीचा एक कायदा सबंध देशाच्या घरातील सामानाचा रंग बदलतो, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको. १७५४ साली टॉमस चिपेंडेल या लंडनच्या कारागिराने आपल्या नमुन्यांचे पुस्तक छापले. ते पाहून दूरदूरच्या सुतारांनी त्याबरहुकूम काम केले, म्हणून 'चिपेंडेल' म्हटलेली बहुतेक मेजे त्याच्या दुकानातील नव्हेत, त्याच्या धाटणीची आहेत.

त्यानंतरचे दोन प्रकार सांगण्याजोगे. एक 'डॅव्हनपोर्ट'. ते वर उतरती पेटी व बाजूस खण असलेले लहान मेज आहे. लँकेस्टरच्या गिलो कारखान्याच्या वहीत अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन डॅव्हनपोर्ट यांच्या नावे एक डेस्क मांडलेले आहे, त्यावरून हे नाव पडले. वहीतील एका नोंदीने सबंध जातीस नाव दिले ते असे. दुसरा प्रकार भागीदारांच्या मेजाचा. हे इतके रुंद की दोघे समोरासमोर बसावेत व दोन्ही अंगांस खण असावेत. सराफी पेढ्यांत हे विशेष चाले. भागीदाराचा चेहरा समोर असला म्हणजे पत्रे थोडी लिहावी लागतात व संशयही थोडा राहतो.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज लष्करी अंमलदारांनी छावणीसाठी जी मेजे करविली, त्यांच्या कोपऱ्यांस पितळी पट्ट्या, कड्या लाकडात बुडविलेल्या, आणि वरचा व खालचा भाग वेगळा करून जनावराच्या पाठीवर लादता येई. दागिने नाहीत, परंतु सोय पुरेपूर. ही मेजे आजही ताठ उभी आहेत.

एकोणिसाव्या शतकात टपालाने सर्व उलटेपालटे केले. इंग्लंडात १८४० साली एक पेनीचे टपाल सुरू झाले. आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्यात पाव तोळा वजनाचे पत्र कोठेही जाऊ लागले. पत्रांचा पूर आला. तेव्हा अमेरिकेत कप्प्यांची मेजे निघाली. इंडियानापोलिसच्या विल्यम वूटन याने १८७४ साली एका मेजाचे पेटंट घेतले. कपाटासारखी दोन दारे, उघडली की आत शंभरावर कप्पे, प्रत्येक कागदास आपली जागा, आणि दारे मिटून एक कुलूप लावले की सारी कचेरी बंद. जॉन रॉकफेलर यांच्यासारख्यांनी हे मेज वापरले. त्याच शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत, अरुंद पट्ट्या कापडावर चिकटवून केलेले सरकते झाकण ज्यास असते ती 'रोल-टॉप' मेजे कारखान्यांत हजारोंनी होऊ लागली आणि चित्रपटांतून आपणही ती पाहिली.

परंतु हे वैभव फार टिकले नाही. कारण पाहण्यासारखे आहे. कप्प्यांत पत्र ठेवावयाचे तर त्याची घडी घालावी लागते, वर विषय लिहावा लागतो आणि हवे तेव्हा पुन्हा उलगडावे लागते. दिवसास दहा पत्रे असता हे ठीक, शंभर असता अशक्य. टंकलेखनयंत्र १८७४ च्या सुमारास बाजारात आले, त्याबरोबर कार्बन कागदाच्या प्रती आल्या. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात कागद उभे ठेवण्याच्या फायलींचे कपाट मांडले गेले, त्यात घडीची गरजच उरली नाही. कागद मेजातून निघून कपाटात गेला आणि कप्पे रिकामे पडले. शिवाय मोठ्या कचेऱ्यांतील वरिष्ठांस उंच मेजांच्या आड कारकून काय करतो ते दिसेना. १९१५ साली न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीसाठी जी मेजे करविली गेली ती सपाट होती. वर कप्पे नाहीत, आडोसा नाही. मेजाने मालकाचे गुपित राखण्याचे काम सोडले आणि नोकरावर नजर ठेवण्याचे काम पत्करले, असे आम्हांस वाटते. त्यानंतर पोलाद आले. आपल्या देशात गोदरेज कंपनीने १९२३ साली पोलादी कपाटे काढली आणि १९५५ साली टंकलेखनयंत्र केले. आमच्या वडिलांनी गादी उचलून खुर्ची मांडली ती याच काळाच्या ओघात. आज चिरंजीवांचे मेज म्हणजे एक फळी व तीवर संगणक. त्यास खण नाही, कुलूपही नाही. कुलूप आता संकेतशब्दाचे.

एवढे वाचून आम्ही आपल्या डेस्काकडे वळलो. जुने लाकडी सामान पारखण्याच्या ज्या खुणा आम्हांस समजल्या त्या अशा. खणाच्या कोपऱ्यात कबुतराच्या शेपटीसारख्या दात्यांचा सांधा असतो. हाताने कापलेले दाते थोडे असमान, यंत्राचे अगदी सारखे. परंतु आपल्याकडील सुतार आजही हाताने सांधा करतात, म्हणून या एकाच खुणेवर भरवसा ठेवू नये. जुने स्क्रू टोकाशी बोथट असतात. अणकुचीदार स्क्रू यंत्रावर होऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. फळीच्या मागील बाजूस करवतीचे ओरखडे सरळ असतील तर हातकरवत, कमानदार असतील तर चक्रकरवत. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, म्हणून जुने गोल मेज मोजल्यास किंचित लांबट भरते. आणि झीज नेहमी वापराच्या जागी असावी. जेथे हात पोहोचत नाही तेथे झीज दिसली तर ती मुद्दाम केलेली समजावी.

शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. युरोपीय ब्यूरोत मधल्या कप्प्याच्या दोन्ही बाजूंस शोभेचे लहान खांब असतात. ते पुष्कळदा बाहेर ओढता येतात व त्यांच्या मागे चोरकप्पा असतो. तो शोधण्याचा उपाय म्हणजे मेजाची खोली बाहेरून मोजावी, खणाची आतून मोजावी. दोहोंत फरक फार आला तर मधली जागा रिकामी नाही असे समजावे. आम्ही गजकाठी घेऊन आमचे डेस्क मोजले. बाहेरून सोळा इंच, आतून साडेबारा. सुतारास बोलाविले. त्याने मागची पट्टी हलकेच सरकविली.

आत सोने-नाणे नव्हते, एक चिठ्ठी होती. अक्षर आजोबांचे. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून कामास निघालेल्या तीन कुटुंबांनी आपले दागिने सांभाळण्यासाठी आमच्या पेढीवर ठेवले होते, त्यांची ती यादी. व्याज नाही, गहाण नाही, केवळ विश्वास. दोन नावांवर रेघ मारून 'पावले' असे लिहिले होते. तिसऱ्या नावापुढे दोन जोड पाटल्या व एक बोरमाळ, आणि रेघ नव्हती.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. परत दिले की नाही हे कशावरून ठरवावे? त्या सालच्या वह्या पाहाव्यात तर १९९८ साली संगणक आणला तेव्हा आम्हीच त्या रद्दीत किलोच्या भावाने घातल्या होत्या. आजोबांच्या नावावर पन्नास वर्षांची अमानत उभी आणि ती फेडली असे म्हणावयास आमच्याजवळ एक ओळ नाही.

चौथ्या दिवशी आम्ही खानापूर तालुक्यातील त्या गावी गेलो. त्या गृहस्थांचे नातू भेटले. आम्ही हकीकत सांगून म्हटले, "हिशेब आमच्याकडे उघडा दिसतो. वजन सांगा, आजच्या भावाने देतो." ते आत गेले, ट्रंक उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक जीर्ण कागद आणला. ती आमच्याच पेढीची, ठेव ठेवताना दिलेली चिठ्ठी होती. तिच्या पाठीवर आजोबांच्या हातचे, १९७४ सालचे अक्षर होते. लग्नकार्य निघाले म्हणून दागिने घरपोच आणून दिले, सर्व पावले, अशी नोंद. आजोबांनी दागिने त्यांच्या घरी पोचविले, नोंद तेथेच केली आणि परत आल्यावर डेस्कातील यादीवर रेघ मारावयाची राहिली, असे ते प्रकरण होते. "शेटजी, आजी म्हणायची हा कागद टाकू नका, यात दोन घरांची अब्रू आहे," असे ते नातू म्हणाले.

आम्ही व्यापारी, वह्या राखणे हा आमचा धंदा. आमच्या वह्या गेल्या आणि आमच्या घराण्याची साक्ष राखली ती एका शेतकरी माउलीच्या ट्रंकेने. याची लाज वाटली, ती येथे लिहून ठेवतो.

डेस्क आम्ही विकले नाही. त्या व्यापाऱ्यास चहा पाजून निरोप दिला. सभासदांस मात्र एवढेच सुचवावेसे वाटते. जुने मेज, पेटी वा कपाट काढावयाचे असल्यास प्रथम ते आत-बाहेर मोजावे आणि सर्व खण पूर्ण ओढून त्यांच्या मागे पाहावे. शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांस व कागदपत्रांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. हस्तिदंती जडाव असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याचा व्यापारच निषिद्ध आहे, तेव्हा कोणी गोड बोलून सौदा करू पाहील तर सावध असावे. विकणे हा दोष नव्हे, परंतु न पाहता विकू नये. आणि वह्या रद्दीत घालण्यापूर्वी निदान एकदा घरातील वडीलधाऱ्या मंडळींसमवेत चाळाव्यात.

आता दर दिवाळीस वहीपूजनाच्या वेळी संगणकाशेजारी ते डेस्क मांडतो. चोरकप्प्यात दोन कागद ठेवले आहेत, एक आजोबांची यादी आणि दुसरी त्या चिठ्ठीची प्रत. तिसऱ्या नावावरील रेघ आम्ही आमच्या हाताने मारली व पुढे 'पावले' असे लिहिले.

लेखनात काही उणे-अधिक झाले असल्यास सुज्ञ वाचकांनी क्षमा करावी. सर्वांस सविनय जयजिनेंद्र.